दहा इंची मेजावरचा लेथ : दीड वर्षाच्या वापरानंतर

लाकूड कातण्यासाठी मेजावर बसवायचा दहा इंची (दहा इंच व्यासापर्यंतचे लाकूड बसणारा) लेथ घेऊन मला आता दीड वर्ष झाले. एवढ्या काळात त्यावर लाटणी, भोवरे, पटाशीच्या मुठी आणि दीडेक डझन वाडगे झाले असल्याने त्याच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्यातले यंत्र निरनिराळ्या रंगांत आणि निरनिराळ्या नावांनी विकले जाते, आणि घेणाऱ्याला नावापेक्षा पुढे सांगितलेल्या खुणा तपासणे अधिक उपयोगाचे ठरेल. यंत्राला ३८ हजार रुपये पडले. चक (लाकूड जबड्यांत घट्ट धरणारा भाग), हत्यारे आणि धार लावण्याची सोय यांत जवळजवळ तितकेच आणखी गेले, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

यंत्राचा पाट (सगळे भाग ज्यावर बसतात तो पाया) बिडाचा आहे, लाकूड ज्या दोन टोकांमध्ये धरतात त्या केंद्रांमधले अंतर १८ इंच आहे, मोटार अर्ध्या अश्वशक्तीची आहे आणि पट्टा बदलून पाच वेग मिळतात. त्यांतला सर्वांत कमी वेग मिनिटाला ७५० फेऱ्यांचा आहे, आणि माझी मुख्य तक्रार इथेच आहे. वाडग्याचा इंचांतला व्यास आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान राहावा, असा या कामातला प्रचलित ठोकताळा आहे. पण तो बऱ्यापैकी गोल झालेल्या लाकडासाठी आहे. कुऱ्हाडीने कोपरे उडवलेला, एका अंगाला जड असलेला ओंडका लावला की त्या आकड्याच्या खालच्या टोकाच्याही खाली राहावे लागते. या हिशेबाने दहा इंचांचा ओला तुकडा चारशे-पाचशे फेऱ्यांवर सुरू करायला हवा, आणि या यंत्राला ते जमत नाही. म्हणजे दहा इंच व्यास बसतो हे खरे, पण निर्धास्तपणे कातता येतो तो सात, फार तर आठ इंचांचाच. विकत घेताना सर्वजण मोटारीची ताकद विचारतात. मी आज पुन्हा घेतला तर सर्वांत आधी सर्वांत कमी वेग विचारेन आणि तो २५० च्या आसपास असलेला, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा लेथच घेईन.

दुसरा दोष माझ्या लक्षात आला तो भोवऱ्यामुळे. चकमध्ये लाकूड धरून भोवरा कातला, टेलस्टॉकमध्ये (पाटावर पुढेमागे सरकणाऱ्या उजवीकडच्या भागात) ३ मिलिमीटरचे गिरमिट लावून आर ठोकण्यासाठी छिद्र पाडले, आणि आर ठोकली तर ती सैल व तिरकी बसली. आकार निर्दोष असूनही भोवरा दारू प्यायल्यासारखा डोलत होता. चार भोवरे असेच वाया गेल्यावर कुडाळच्या एका वयोवृद्ध कातारी काकांना दाखवले, तेव्हा त्यांनी भोवरा हातात न घेताच विचारले, “यंत्राची टोका जुळतत?” दोन्ही बाजूंना अणकुचीदार केंद्रे बसवून टेलस्टॉक पुढे सरकवला तर हेडस्टॉकचे, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या डावीकडच्या भागाचे, टोक अर्ध्या मिलिमीटरने खाली होते. काका म्हणाले, “भोवऱ्याचो दोष नाय, तुमच्या यंत्राचो आसा.” लाकूड दोन केंद्रांत धरून लाटणे कातताना हा फरक कळतही नाही; चकमध्ये धरून छिद्र पाडायचे झाले की तो लगेच उघडा पडतो. कंपनीला छायाचित्रे पाठवली. उत्तर आले की हे ‘मर्यादेत’ आहे. शेवटी हेडस्टॉकचे बोल्ट सैल करून त्याखाली शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याचे पाच पदर घातले आणि टोके जुळवली. दुकानात उभे राहून दोन मिनिटांत होणारी ही तपासणी आहे, आणि विक्रेता ती करू देत नसेल तर तिथून बाहेर पडावे.

हत्यार टेकवण्याच्या टूल-रेस्टची कड खरबरीत होती, ती कानशीने घासून गुळगुळीत केल्यावर हत्यार सरळ सरकू लागले. वजन सुमारे ४० किलो असल्याने मेजाखालच्या फळीवर वाळूच्या दोन गोणी ठेवाव्या लागल्या. त्यानंतर थरथर निम्म्याहून कमी झाली. बिडाच्या पाटावर पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो, म्हणून मृगापूर्वी त्याला मेण चोळावे. स्पिंडलचे (चक ज्यावर बसतो त्या फिरत्या दांड्याचे) आटे मात्र प्रचलित मापाचे, एक इंच व्यासाचे आणि इंचाला आठ, असल्याने कोणताही चांगला चक बसतो, आणि आतले निमुळते भोक मोर्स टेपर क्रमांक २ या प्रमाण मापाचे आहे. ही मोठीच सोय आहे.

लेथचा खरा कस लाकडावर लागतो. सुरुवात मी शिवणीने केली आणि नवशिक्याला तेच सुचवेन, कारण ती हलकी असते, सहज कापली जाते आणि वाळताना फारशी वाकडी होत नाही. आंबा स्वस्त आणि वखारीत हमखास मिळणारा. पण तो ओला पडून राहिला तर निळसर डाग आणि भुंगेरे दोन्ही येतात, म्हणून पाडल्याबरोबर कातावा. आठ इंचांचा ओल्या आंब्याचा वाडगा मी व्यासाच्या एक दशांश, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर, जाडीचा ठेवून कातला, उघड्या टोकांना मेण लावले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सहा महिने माळ्यावर ठेवला. बाहेर काढला तेव्हा तो अंडाकृती झाला होता. एका अंगाचे माप दुसऱ्यापेक्षा जवळजवळ ८ मिलिमीटरने कमी भरले. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने बरेच आकसते, पण तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही, म्हणून हे व्हायचेच; जाडी शिल्लक असल्याने पुन्हा लावून गोल करता आला.

फणस मला सर्वांत आवडतो. ताजा कातलेला वाडगा हळदीसारखा पिवळा असतो आणि उजेडात राहून हळूहळू तांबूस-तपकिरी होत जातो. बाभूळ, जिच्यापासून बैलगाडीच्या चाकाचे तुंबे (आरे बसतात ते मधले गोल भाग) होत, ती सुकलेली कातणे म्हणजे या अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीची परीक्षाच: खोल काप घेतला की पट्टा घसरतो आणि लाकूड फिरायचे थांबते. ओली असताना तीच बाभूळ लांबलचक ढलप्या सोडत मऊपणे उतरते. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते; शिवाय जुन्या चौकटीचे सागवान असेल तर आधी चुंबक फिरवावे, कारण लपलेल्या एका खिळ्याने माझ्या गाउजच्या (पन्हळीसारख्या पटाशीच्या) धारेला ज्वारीएवढी खाच पाडली आहे. शिसव मी फर्निचर कारखान्याच्या उरलेल्या तुकड्यांतूनच, पावतीसह घेतो. महाराष्ट्रात ठरावीक झाडांच्या तोडीवर १९६४ च्या कायद्याचे नियंत्रण आहे, तेव्हा ‘शेतातले आहे, घेऊन जा’ असे कोणी म्हटले तरी घेऊ नये. शिसवीची भुकटी नाकाला झोंबते. मुखपट्टी आणि डोळ्यांवरचे आवरण नसेल तर यंत्र सुरूच करू नये.

लाखेचे काम हा या यंत्राचा अनपेक्षित गुण निघाला. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांना वापरतात तो काळा कुडा, नाव काळा पण लाकूड फिकट आणि घट्ट, लाखेसाठी उत्तम. दोन इंची गोळा १,६०० फेऱ्यांवर फिरवून त्यावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने रंग वितळून पसरतो, आणि मग केवड्याच्या सुक्या पानाने दाबून फिरवला की चकाकी येते. सावंतवाडीच्या चितारआळीतली पांगाऱ्याची रंगीत फळे पाहून मी पांगाराही कातून पाहिला, पण तो इतका मऊ की बोथट हत्याराने तंतू उपटून येतात. त्याला दर दोन मिनिटांनी धार हवी.

लाटणी, मुठी, भोवरे, बुद्धिबळाच्या सोंगट्या आणि सात इंचांपर्यंतचे वाडगे करणाऱ्याने, केंद्रे जुळवून घेण्याची तयारी असेल तर, हा लेथ घ्यावा. पाचपैकी साडेतीन गुण. परातीएवढी भांडी कातण्याची हौस असेल त्याने घेऊ नये. माझ्याकडे फणसाचा अकरा इंचांचा एक ओंडका मेण लावून पडला आहे, तो पुढच्या आठवड्यात काकांच्या जुन्या, अवजड लेथवर जाणार आहे.