सिकलसेलची किट: बायरॅकचं अनुदान की पीएमईजीपीचं कर्ज?

धारणीच्या आमच्या भाच्याने सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीची स्वस्त किट बनवायला घेतली आहे. नेहमीची चाचणी साधी: थेंबभर रक्त नळीत टाकायचं, द्रावण गढूळ होऊन नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, की पॉझिटिव्ह. पण वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे ती सांगत नाही. पोराचा सगळा खटाटोप तिथेच.

आता पैसा. बायरॅक म्हणजे जैवतंत्रज्ञानातल्या नव्या उद्योगांना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था. तिचं ‘बिग’ अनुदान 50 लाखांपर्यंत, मुदत 18 महिने. परतफेड नाही, प्रयोग फसला तरी सातबारा सलामत. मात्र इनक्युबेटरमध्ये (नवउद्योगांना जागा-सोयी देणाऱ्या केंद्रात) जागा किंवा स्वतःची प्रयोगशाळा लागते, आणि पैसे टप्प्याटप्प्याने, काम दाखवल्यावर.

पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, उत्पादनाचा प्रकल्प 50 लाखांपर्यंतचा चालतो. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला 25, विशेष प्रवर्गाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे) 35 टक्के सबसिडी. बाकीचं मुख्यतः बँकेचं कर्ज, आणि हप्ता काही चाचणीच्या निकालासाठी थांबत नाही. (एका शाखेत तर ‘रिएजंट’, म्हणजे चाचणीचं रसायन, म्हटल्यावर ‘म्हणजे खत का?’ असं विचारलं!)

किट अजून वहीतच असेल तर मी बिगच म्हणेन. किट बनवायचा परवाना हातात आला आणि पॅकिंगचं मशीन घ्यायचं ठरलं, की मग बँकेची पायरी.