स्टॅनफर्डचा सहा आठवड्यांचा वर्ग: जुनाट आजारात किती उपयोगी?

मधुमेह, संधिवात, दमा, हृदयविकार… आजार कोणताही असो, सगळे एकाच वर्गात बसतात. जुनाट आजार सांभाळून रोजचं जगणं कसं चालवायचं हे शिकवणारा, केट लॉरिग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आखलेला हा वर्ग सहा आठवडे चालतो, आठवड्यातून एकदा, अडीच तास. वर्ग दोघं मिळून घेतात आणि त्यांपैकी निदान एकाला स्वतःला जुनाट आजार असतो.

वर्गाचा सगळा जीव आठवड्याच्या आराखड्यात आहे. काय करणार, किती, केव्हा आणि किती वेळा, हे ठरवून गटासमोर सांगायचं. 'व्यायाम करेन' चालत नाही; 'सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळच्या चहाआधी दहा मिनिटं चालेन' चालतं. मग प्रश्न येतो: जमेल याची खात्री शून्य ते दहामध्ये किती? उत्तर सातच्या खाली आलं तर आराखडा बदलायचा. गडबड होते ती इथेच. डॉक्टरांना किंवा मुलांना बरं वाटावं म्हणून लोक 'रोज' म्हणून बसतात, एक दिवस चुकला की सगळंच सुटतं. तीन-चार दिवस ठरवले तर दुखणं उसळलेल्या दिवसाला जागा राहते. अबोल माणसाला हे चारचौघांत सांगणं सुरुवातीला जड जातं.

एवढ्याशा गोष्टीवर भर का? याआधी फक्त संधिवाताच्या रुग्णांसाठी घेतलेल्या वर्गांत लॉरिग यांना दिसलं की आराम पडण्याचा संबंध व्यायामाच्या सवयीपेक्षा 'हे मला जमेल' या भरवशाशी जास्त आहे. स्टॅनफर्डचेच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा या भरवशाला स्वक्षमता म्हणत.

या वर्गाच्या १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९५२ जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनी थकवा, आजाराची धास्ती आणि इस्पितळातले दिवस कमी झालेले दिसले. वेदना, धाप आणि मानसिक स्वास्थ्य यांत मात्र फरक नव्हता. आमच्या मते हे समजून मगच नाव घालावं. धास्ती ओसरणं वेगळं आणि माणूस आतून वाढणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी १९८९मध्ये मानसिक स्वास्थ्याचे सहा पैलू मांडले, त्यांत व्यक्तिगत वाढ, जगण्याचा हेतू आणि स्वतःचा स्वीकारही येतो. 'नोकरी गेली, आता मी कोण?' या प्रश्नाला ठरलेल्या पुस्तिकेबरहुकूम चालणाऱ्या वर्गात फारशी जागा मिळत नाही. त्यासाठी समुपदेशक हवा. तीव्र नैराश्य असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी जवळच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात चौकशी करावी, बऱ्याच ठिकाणी वर्ग मोफत असतो. पहिला दिवस चुकवू नये. आराखडा करायला तेव्हाच शिकवतात.