कॉलेजियम की आयोग? माझा कल कुठे, ते सांगतो

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश कुणी निवडायचे, या वादात वकिलीत नव्याने आलेल्या मुलांना एक बाजू धरायची असते. दोन्ही पद्धती त्यांना ठाऊक असतात, म्हणून थोडक्यात: कॉलेजियम म्हणजे सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायाधीश नावं सुचवतात, नेमणूक सरकार करतं; आयोग म्हणजे न्यायाधीश, कायदामंत्री आणि बाहेरच्या मान्यवर व्यक्ती मिळून नावं ठरवणार होते.

कॉलेजियमवाल्यांना सरकारी हस्तक्षेपाची भीती वाटते, ती खोटी नाही. 1973 मध्ये सरकारने तिघा ज्येष्ठांना डावलून न्या. रे यांना सरन्यायाधीश केलं. आणीबाणीत एकट्याने वेगळं मत दिलेल्या न्या. खन्नांना 1977 मध्ये डावललं. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालात सरन्यायाधीशांच्या सल्ल्याला जवळपास अखेरच्या शब्दाचं वजन आलं, ते काही उगाच नाही.

पण मला खटकलं ते वेगळंच. आमच्या सीनियरांचं नाव उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी गेलं. संमती दिल्यावर त्यांनी नवी कामं घेणं थांबवलं आणि अशील हळूहळू दुसरीकडे वळले. वर्ष उलटलं तरी होकार नाही, नकारही नाही. कॉलेजियमकडून कळायचं, नाव पाठवलंय. कायदा मंत्रालयाकडून कळायचं, विचाराधीन आहे. शेवटी त्यांनी संमती मागे घेतली. पत्र मीच टाइप केलं. ‘कारण काय लिहू?’ विचारलं, तर म्हणाले, ‘वैयक्तिक लिही.’

सरकारने परत पाठवलेलं नाव कॉलेजियमने दुसऱ्यांदा पाठवलं की सरकार बांधील, हे कागदावर. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत नेमणूक व्हावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं. झाली नाही तर काय, ते कुणाला विचारायचं? न्या. के. एम. जोसेफ यांची सर्वोच्च न्यायालयासाठीची शिफारस जानेवारी 2018 ची. एप्रिलमध्ये सरकारने ती परत पाठवली, शपथ झाली ऑगस्टमध्ये, तीही त्या दिवशीच्या तिघांत शेवटची, म्हणजे ज्येष्ठतेत मागे.

आयोगात कायदामंत्री त्याच टेबलाशी बसणार होते. नको असेल तर ‘नको’ म्हणावं लागलं असतं, फाइल दाबून ठेवायची सोय उरली नसती. खोट होतीच: सहांत न्यायाधीश तिघेच, कुठल्याही दोघांनी मोडता घातला की नाव बाद, आणि ‘मान्यवर व्यक्ती’ म्हणजे नेमकं कोण, हे मोघम. 16 ऑक्टोबर 2015 ला सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध एक मताने आयोग रद्द झाला, एकही नेमणूक न करता. त्यामुळे माझं म्हणणं अंदाजच समजा. सरकारची धास्ती जास्त वाटत असेल तर कॉलेजियमच धरा, मी वाद घालणार नाही. ती दोघांच्या नकाराची तरतूद काढून आयोग परत आला, तर मात्र त्याच्या बाजूने माझा हात वर असेल.

आमचे सीनियर अजून कॉलेजियमच्याच बाजूने भांडतात, हेही सांगायला हवं.