तीन रुपयांचं ब्लेड जास्त दाढ्या चालवताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. पूर्वी माझं एक ब्लेड तीन, फार तर चार दाढ्या चालायचं. आता आठ सहज होतात, कधी त्याहून एखादी जास्तही. रेझर तोच, ब्लेडही तेच, दाढीही तीच : राठ, दाट आणि गळ्यावर डाव्या बाजूला भोवरा. फरक पडला तो मुख्यतः दाढी नीट भिजवल्याने, हात हलका ठेवल्याने आणि पाणी बदलल्याने. ब्लेडची निगा राखायच्या ज्या युक्त्या लोक हिरिरीने सांगतात, त्यातल्या बहुतेकांचा माझ्याकडे काडीचा उपयोग झाला नाही.

रेझर साधा सेफ्टी रेझर, तीन भागांचा, स्टीलच्या दांड्याचा. ब्लेड बहुतेक वेळा सेव्हन ओक्लॉकचं, काळ्या पाकिटातलं सुपर प्लॅटिनम, मधूनमधून टोपाझ. दाढी रोज, रविवारी सुट्टी. राहायला पुण्यात वाघोलीला, म्हणजे पाणी टँकरचं नाहीतर बोअरचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळं त्या पाण्यावरच येणार आहे.

हिशोब ठेवायची माझी पद्धत अगदी बाळबोध. नवीन ब्लेड काढलं की त्याचं कागदी वेष्टन आरशाच्या चौकटीत खोचून ठेवायचं आणि प्रत्येक दाढीनंतर त्यावर बॉलपेनने एक रेघ मारायची. ब्लेड बाद कधी म्हणायचं हेही ठरवून घेतलं : वरच्या ओठावर, नाकाच्या बरोबर खाली, केस कापला न जाता ओढला गेला की बाद. गालावर काय, बोथट ब्लेडही चालून जातं. ओठावर ते लपत नाही. हे ठरवून घेणं आवश्यक होतं, कारण ‘माझं ब्लेड पंधरा दाढ्या चालतं’ म्हणणाऱ्यांपैकी अर्ध्यांची दाढी मुळात विरळ असते आणि उरलेल्यांना चेहऱ्याची आग होणं नैसर्गिक वाटतं.

आता पहिली गोष्ट, भिजवणं. केस पाणी शोषतो, फुगतो आणि मऊ पडतो, पण त्याला वेळ लागतो. तोंडावर दोन हबके मारून लगेच फेस लावला तर केस बाहेरून ओला आणि आतून कोरडाच राहतो. आंघोळीनंतर दाढी करणं हा सगळ्यात सोपा उपाय. मी मात्र सकाळी आधी दाढी आणि मग आंघोळ या वळणाचा, आणि ते वळण काही सुटलं नाही. म्हणून कोमट पाण्याने तोंड धुवायचं, फेस लावायचा आणि तो तसाच ठेवून दोन-तीन मिनिटं दुसरं काहीतरी करायचं. माझ्याकडे चहाचं आधण ठेवायचं काम आहे, त्यात ती बरोबर जातात. परत येऊन ब्रश पाण्यात बुडवून पुन्हा एकदा फिरवायचा, कारण तोवर वरचा फेस सुकायला लागलेला असतो. एवढ्यानेच तीन-चारचे पाच-सहा झाले. पटीत बघितलं तर दुसऱ्या कुठल्याही एका बदलाने एवढा फरक पडला नाही.

फेसाबद्दल एक. डब्यातून फुसकन येणारा फोम दिसायला भरगच्च, पण त्यात पाणी कमी आणि हवाच जास्त. ट्यूबमधलं क्रीम किंवा गोल साबण ब्रशने फेसला की त्यात आपल्याला हवं तेवढं पाणी घालता येतं. फेस पांढराशुभ्र, उभा राहणारा झाला म्हणजे चांगला, असं आपल्याला जाहिरातींनी शिकवलंय. प्रत्यक्षात जरा सैल, ओला, चकाकणारा फेस ब्लेडला जास्त मानवतो.

दुसरी गोष्ट, हात. इथे एका खऱ्या संशोधनाचा उल्लेख केला पाहिजे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. मग तो पोलादाची धार घालवतो कशी? अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी याचा छडा लावायला वापरलेली ब्लेडं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातली, आणि त्यांचा शोधनिबंध २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. धार घासून गोल होत असेल, अशी आपली समजूत. त्यांना दिसलं वेगळंच. धारेचे बारीक टवके उडालेले होते, एकेक टवका केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. केस धारेला सरळ भेटला तर काही होत नाही. तो वाकून, तिरका भेटला, आणि नेमक्या त्या जागी पोलादाच्या बांधणीत उणंअधिक असलं, की टवका उडतो.

यातून मी माझ्यापुरतं काढलेलं अनुमान असं : केसाला वाकायला जागाच द्यायची नाही. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, म्हणजे खुंट मुळाशी ताठ उभा राहतो. रेझर दाबायचा नाही; त्याच्या स्वतःच्या वजनाने जेवढा खाली जाईल तेवढाच जाऊ द्यायचा. लांब पट्टे ओढायचे नाहीत, दोन-तीन बोटं रुंदीच्या आखूड फटक्यांत काम करायचं. दांडी गालापासून साधारण तीस अंशांवर धरतात. आवाज ऐकून ते आपोआप जमतं. कोन बरोबर असला की खरखर एकसारखी येते. दांडी फार उचलली किंवा फार पाडली की एकतर आवाजच बंद होतो नाहीतर खरवडल्यासारखं वाटतं.

कार्ट्रिजवरून, म्हणजे दोन-तीन पात्यांचं डोकं बदलायच्या रेझरवरून, आलेल्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच. कार्ट्रिजला मान असते, त्याला कितीही दाबा, ते चेहऱ्याबरोबर वळतं. त्या सवयीचा हात सेफ्टी रेझरवर आला की ब्लेड आणि चेहरा, दोघांचंही नुकसान. आणि उलट्या दिशेचा हात, म्हणजे केसाच्या विरुद्ध, मी आता रोज फिरवत नाही. ऑफिसला जाण्यापुरता सुलटा हात एकदा आणि आडवा हात एकदा पुरतो. लग्नकार्य असलं की उलटा. ब्लेडचे आकडे सांगताना लोक ही गोष्ट सोयीस्कर विसरतात : तीन हातांची दाढी आणि दोन हातांची दाढी ब्लेडच्या दृष्टीने एक नव्हे.

आता पाणी. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मजाही आली. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चिकट पांढरा साका बनवतात. तोच बादलीच्या कडेला बसतो आणि तोच ब्रशच्या मुळाशी. म्हणजे चेहऱ्यावर जो फेस आहे असं आपल्याला वाटतं त्यातला बराच भाग साकाच. वंगण नावापुरतं.

म्हणून दाढीपुरतं एक वाटीभर पाणी आरओच्या नळाचं घ्यायला लागलो. अर्ध्या वाटीत फेस, अर्धी शेवटच्या धुण्याला. फेस एकदम सुधारला, क्रीमही निम्मं लागायला लागलं. (आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून कोणी ते वापरायचं म्हणेल, तर तसं करू नका. गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. फरशी पुसायला ते ठीक.)

घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग माझ्याकडे पडून होतं. त्यातून रोज ब्लेड बघायचा नाद लागला. टवके त्यातून दिसत नाहीत, ते फारच लहान. पण दोन गोष्टी दिसतात. एक : चांगली धार प्रकाशात काळी दिसते, कारण परावर्तन व्हायला तिथे पृष्ठभागच नसतो. ब्लेड म्हातारं झालं की धारेवर मधूनमधून चकाकणारे ठिपके येतात. दुसरं : नळाच्या पाण्याने धुऊन तसंच ठेवलेल्या ब्लेडवर दुसऱ्या दिवशी धारेला लागून पांढरी खर असते, शॉवरच्या भोकांवर जमते तीच, फक्त बारीक. रेझरचं तोंड उघडून बघा, ब्लेडच्या पोटाखालीही ती असते. आरओच्या वाटीत रेझर दोनदा खळबळून झटकला की दुसऱ्या दिवशी काहीही नसतं. ब्लेड पाच-सहावरून आठवर गेलं ते यानंतर. ज्यांच्या नळाला मऊ पाणी येतं त्यांना यातलं काही जाणवणार नाही, आणि त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

हे चालू असताना घरातून शेरा आला, ‘‘अहो, तीन रुपयांच्या ब्लेडला भिंग लावून बघताय?’’ हिशोब खरंच हास्यास्पद आहे. वर्षाच्या तीनशे दाढ्या धरल्या, तर चारऐवजी आठ दाढ्यांनी वर्षाला चाळीसएक ब्लेडं वाचतात, म्हणजे रुपये एकशे वीसच्या आसपास. दोघांची मिसळसुद्धा होणार नाही. पण ज्या गोष्टींनी ब्लेड जास्त चाललं, त्यांनीच गळ्यावरचे लाल पुरळ गेले. त्यासाठी मी याआधी लोशन, जेल, तुरटी असं बरंच काही फासून बघितलं होतं आणि त्यावर एकशे विसाच्या कितीतरी पट पैसे घातले होते.

आता ज्या युक्त्यांनी काही झालं नाही, त्यांच्याबद्दल.

या बहुतेक युक्त्या वेगळ्या पोलादासाठी होत्या. किंग कॅम्प जिलेटला अमेरिकेत सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं १९०४ मध्ये, आणि पुढे जवळपास सहा दशकं ब्लेड म्हणजे कार्बन स्टील. ते गंजायचं. रात्रभर ओलं राहिलं की सकाळी धारेवर तांबूस रेघ. तेव्हा ब्लेड पुसून, तेलाचं बोट लावून, कागदात गुंडाळून ठेवणं हे शहाणपणाचंच होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं आणि चित्र बदललं. आज आपण वापरतो ती ब्लेडं क्रोमियम असलेल्या स्टेनलेसची, धारेवर टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा अतिपातळ लेप. पोलाद बदललं, सल्ले तेच राहिले.

खोबरेल तेल लावून बघितलं. उन्हाळ्यात ठीक. थंडीत पुण्यात खोबरेल गोठतं आणि रेझरच्या खाचेत पांढरं मेण होऊन बसतं, त्यात कालचे खुंट अडकलेले. बेबी ऑइलने तेवढा त्रास नाही, पण रेघाही वाढल्या नाहीत. स्पिरिटमध्ये बुडवण्याचंही तेच. फायदा झाला तर तो पाणी उडून जाण्यापुरता, आणि ते काम झटकण्याने फुकटात होतं. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी मात्र रेझर बाथरूममध्ये न ठेवता खोलीत कोरड्या जागी ठेवावा, हे पटतं.

ब्लेड काचेच्या ग्लासात आतून घासणं, तळहातावर किंवा जीन्सवर उलटं फिरवणं, हा दुसरा प्रकार. वाकलेली धार त्याने सरळ होऊ शकते. उडालेला टवका परत कसा येणार? जीन्सवर फिरवून मला कधी एखादी दाढी जास्त मिळाली, कधी नाही. ग्लासचा प्रयोग मी लवकर आवरता घेतला, कारण ते सुटं, कागदासारखं पातळ ब्लेड दोन बोटांनी दाबून गोल काचेवर फिरवणं म्हणजे बोटांशी वैर.

आणि ज्यांना हे सगळं साधं वाटतं त्यांच्यासाठी : चेकोस्लोव्हाकियात कारेल द्रबाल नावाच्या माणसाने पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ब्लेड ठेवलं की त्याची धार टिकते असा दावा करून १९५९ मध्ये चक्क पेटंट मिळवलं होतं. मी पिरॅमिड केला नाही. घरात भिंगच पुरे झालं होतं.

एक लहानशी गोष्ट मात्र कामाची निघाली. ब्लेडला धारा दोन, पण हात सवयीने एकाच बाजूने सुरुवात करतो आणि हनुवटीसारखी अवघड जागा रोज त्याच धारेच्या वाट्याला येते. काही ब्लेडांच्या कोपऱ्यांवर १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात ते याचसाठी उपयोगी. मी ब्लेड रोज काढत नाही, मध्ये एकदाच काढून धुतो आणि फिरवून बसवतो. रोज काढघाल केली की धार कुठेतरी आपटतेच.

ब्लेडांमधला फरक कितपत? आहे, पण आपण समजतो तेवढा नाही. सुट्या पाकिटातलं एक अगदी स्वस्त ब्लेड सगळी बडदास्त ठेवूनही तिसऱ्या दाढीला ओठावर ओढायला लागलं. त्याच्यावरची सगळी ब्लेडं माझ्याकडे एखाददुसऱ्या दाढीच्या फरकाने सारखीच चालली. पहिली दाढी जरा करकरीत, दुसरी-तिसरी सगळ्यात सुखाची, मग हळूहळू उतरण. पाच ब्लेडांचं एकेक पाकीट घेऊन बघा, आपल्या कातडीला काय मानवतं ते महिन्या-दोन महिन्यांत कळतं.

दोन सूचना राहिल्या. ब्लेड जास्त चालतंय म्हणून ते घरातल्या दुसऱ्या कोणाला वापरायला देऊ नका. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन अर्धं ब्लेड वस्तऱ्यात घालतात ते हौसेने नव्हे. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात आणि दाढीत कुठे बारीक कापलं हे कळतही नाही. आणि बाद ब्लेड कागदात गुंडाळून ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्या ताईंचा हात त्याच पिशवीत जातो. मी पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला झाकणावर चीर पाडून घेतली आहे, ब्लेड त्यातून आत जातं. डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करायचं, वर मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’ लिहायचं आणि कचरा न्यायला येणाऱ्यांच्या हातात सांगून द्यायचा.