जुनी पोर्शे ९११ : इंजिनचं नंतर, आधी खालचा पत्रा बघा

जुन्या ९११ चा विषय निघाला की मंडळी थेट इंजिनवर येतात, २.० का २.४ का ३.२ लिटर, कार्ब्युरेटर का इंजेक्शन, आणि मग तासभर तेच. आवाज भारी आहे, वादच नाही. पण स्टुटगार्टला राहायला आल्यापासून एका मित्रासाठी जुन्या ९११ बघत हिंडतोय आणि माझं मत पक्कं झालंय, इंजिन पैसे टाकून पुन्हा उभं करता येतं, सांगाडा कुजला की खर्चाला अंतच नाही. म्हणून हा रिव्ह्यू फक्त सांगाड्याचा, कुठल्या सालात काय बदललं आणि त्यातलं आज घेणाऱ्याला काय उपयोगाचं.

या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नाहीये. फ्लोअर, दाराखालचे सिल, खांब, छप्पर सगळा पत्रा एकमेकांना वेल्ड केलेला, तोच सांगाडा. सिल सडली म्हणजे दिसायला वाईट एवढ्यावर भागत नाही, ताकदच तिथे असते.

१९६३ ला फ्रँकफर्टच्या शोमध्ये आलेल्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, होता २२११ मिलिमीटर. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलेलं, आणि दोन्ही ॲक्सलमधलं अंतर एवढं कमी, त्यामुळे भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की ढुंगण बाहेर यायला बघतं. सुरुवातीच्या काही गाड्यांत तर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत बिडाची वजनं ठेवून दिली होती, म्हणजे पुढचं टोक जरा जमिनीवर बसावं म्हणून! एवढी हुशार कंपनी आणि उपाय काय, तर वजन बांधा. हसू येतं, पण चाललं ते.

खरा इलाज झाला १९६९ च्या मॉडेलला. मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, व्हीलबेस झाला २२६८. आणि गंमत म्हणजे इंजिन होतं तिथेच, गाडीची बाहेरची लांबीसुद्धा तेवढीच, फक्त मागची चाकं धरून ठेवणारे दांडे (ट्रेलिंग आर्म) लांब केले आणि ड्राइव्ह शाफ्ट जरा तिरके मागे गेले. वरून बघून कोणाला कळणार नाही. ओळखायचं असेल तर मागच्या चाकाच्या पुढे, सिलच्या शेवटाला टॉर्शन बारचं (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) गोल झाकण असतं ते बघा, जुन्या गाडीत ते चाकाच्या कमानीला अगदी खेटून असतं, ६९ नंतर मध्ये मोकळी जागा दिसते. शिवाय एका बॅटरीच्या दोन केल्या, पुढच्या दोन कोपऱ्यांत एकेक, म्हणजे वजन पुढे गेलं आणि ती बिडाची भानगड संपली. माझ्या मते गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल हाच, पुढचे हॉर्सपॉवरचे आकडे यापुढे किरकोळ. (अर्थात त्या बॅटरीखालचे कप्पे ॲसिडने खाल्लेले हमखास सापडतात, ६९ ते ७३ ची गाडी बघताना बॅटरी उचलायला सांगाच.)

१९७२ चं साल वेडं आहे. ऑइलची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली, वजन थोडं आत यावं म्हणून, आणि ऑइल भरायचं झाकण उजव्या दाराच्या मागे बाहेरच दिलं. पंपावरची पोरं त्यातच पेट्रोल ओतायची असं सांगतात. ७३ ला टाकी परत जुन्या जागी. आता त्या एका वर्षाच्या झाकणासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात, हौसेला मोल नाही दुसरं काय.

१९७४ ला अमेरिकेच्या धक्का-नियमांमुळे ते जाड ॲल्युमिनियमचे बंपर आले, कडेला काळ्या रबरी घड्या असलेले. काहींना आवडत नाहीत. मला चालतात.

पण पैसे वसूल होतात ते १९७६ च्या मॉडेलपासून. तेव्हापासून सांगाड्याला जस्त चढवलेला पत्रा वापरायला लागले, हॉट डिप गॅल्वनाइज्ड, आणि सोबत ६ वर्षांची गंजाची हमी. त्या काळात हे फार मोठं होतं, कारण कोकणात खाऱ्या वाऱ्याने पत्र्याची जी गत होते तीच इकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने होते. त्याआधीच्या गाड्या किती कुजतात हे बघायचं असेल तर कंपनीच्या म्युझियमने नीट केलेल्या ९०१ ची (९११ चं सुरुवातीचं नाव) गोष्ट बघा, गाडी नंबर ५७ (५७ मिलिमीटरशी काही संबंध नाही, योगायोग), २०१४ ला एका जुन्या गोठ्यात सापडली तेव्हा पुढचे फेंडर गायब आणि सगळीकडे गंज, मग तीन वर्षं खपून उभी केली. कंपनीला परवडतं, आपल्याला नाही.

जस्त आहे म्हणून डोळे झाकून घ्यायची असंही नाही हां. अपघातानंतर कोणी वेल्डिंग केलं असेल तर तिथलं जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. एका डीलरकडे बघितलेली लाल गाडी वरून नुसती चकाचक, दार उघडून लॉकच्या खांबाच्या तळाशी चुंबक लावलं तर धरेचना, आत बोटभर जाड पुट्टी भरलेली. त्याच खांबाखाली सिल आणि मागची कमान एकत्र येतात, पाणी साचतं, त्यात हीटरची गरम हवा सिलमधूनच पुढे जाते, म्हणजे ऊब आणि ओल दोन्ही. दुसरी जागा पुढे, पेट्रोलच्या टाकीखाली, जिथे पुढचं सस्पेन्शन बोल्ट होतं. तिसरी जॅक लावायची जागा, गाडी वर जायच्या ऐवजी पत्राच वर गेला तर समजून जा. आणि पुढच्या काचेच्या रबराखाली फुगवटे दिसतात का तेही बघा.

१९८९ ला ९६४, म्हणजे ९११ ची पुढची पिढी, आली तेव्हा तळ बऱ्यापैकी नवाच केला, टॉर्शन बार गेले आणि कॉइल स्प्रिंग आल्या, ऑल व्हील ड्राइव्हचा शाफ्ट पुढे न्यायला मधला बोगदाही बदलला. आरामदायक आहे, खड्ड्यात कमी आदळते, पण ती मला आधुनिक गाडीच वाटते, या यादीत तिला धरत नाही.

तर मार्क द्यायचे तर ६८ पर्यंतची गाडी दिसायला दहापैकी दहा, रोज चालवायला चार. ६९ ते ७३ सगळ्यात गोड, पण पत्र्यासाठी बजेट वेगळं काढून ठेवा. ७६ ते ८९, त्यातही ७८ ते ८३ चं ९११ एससी हे मॉडेल, साध्या माणसाने हीच घ्यावी, मिळते पण बऱ्यापैकी. बघायला जाल तेव्हा गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा, विकणारा "कशाला, वरून चांगली आहे की" म्हणाला तर चहा पिऊन परत या.

मित्राने शेवटी १९८० ची एससी घेतली, हिरवी, जॅकच्या जागा टणटणीत, टाकीखालचा पत्रा कोरडा. मागच्या काचेच्या कोपऱ्यात नखाएवढा गंज आहे, रबर काढून तो या उन्हाळ्यात घासायचाय.