संत आणि सुधारक एकाच फळीवर: अंबाजोगाईतील एक ग्रंथभांडार

अंबाजोगाईला योगेश्वरी देवीच्या दर्शनासाठी येणाऱ्या माणसाने बाजारपेठेतील या लहानशा ग्रंथभांडारात थोडा वेळ काढून अवश्य जावे. दर्शनी भागात नेहमीचाच माल आहे: हरिपाठ, आरतीसंग्रह, शिवलीलामृत, पंचांगे. आतल्या भिंतीवरची लांब फळी मात्र वेगळी आहे. नामदेवांची गाथा, जनाबाईंचे आणि चोखोबांच्या कुटुंबाचे अभंग, नाथांची भारुडे, त्यांच्यापुढे महात्मा फुले, विठ्ठल रामजी शिंदे, स्वामी रामानंद तीर्थ, साने गुरुजी आणि अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर अशी पुस्तके तेथे सलग लावलेली आहेत. इतर दुकानांत ‘धार्मिक’ आणि ‘सामाजिक’ अशी दोन कपाटे असतात व एका कपाटाचा वाचक सहसा दुसऱ्याकडे फिरकत नाही. येथे ती भिंत काढून टाकली आहे, आणि माझ्या मते मराठवाड्याच्या इतिहासाला हीच मांडणी न्याय देते.

परंपरेने नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, गोरोबाकाका तेरचे आणि एकनाथ पैठणचे. या मंडळींनी देवाच्या नावानेच रूढीला प्रश्न विचारले. सर्वांच्या ठायी एकच देव असेल तर श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्यांना का वाढू नये, हा नाथांच्या कथेतला प्रश्न श्रद्धेतूनच निघतो. म्हणून श्रद्धाळू माणसाला तो झटकून टाकता येत नाही. देहाला विटाळ म्हणता, तर विटाळावाचून उत्पन्न झालेला देह कोणता, असे विचारणाऱ्या चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंच्या अभंगांची छोटी पुस्तिका मला याच फळीवर मिळाली. कागद साधा आहे, पण कठीण शब्दांचे अर्थ त्याच पानाच्या तळाशी दिलेले असल्यामुळे वाचन अडत नाही.

फुले यांची जागा मला सुरुवातीला खटकली. 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीरावांनी ग्रंथप्रामाण्य आणि अवतारकल्पना नाकारल्या होत्या. निर्मिकावरचा, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्यावरचा, विश्वास मात्र त्यांनी सोडला नाही आणि सर्व स्त्रीपुरुषांची समानता त्याच विश्वासावर उभी केली. त्यांना संतांच्या रांगेत बसवल्यास नवख्या वाचकाचा गैरसमज होईल, असे मी दुकानाच्या मालकांना म्हणालो. ‘‘ते संतांच्या मागून आले म्हणून मागे लावले, त्यांच्यातले म्हणून नव्हे,’’ असे काकांनी सांगितले. उत्तर पटले, तरी तेवढी एक ओळ फळीवर लिहून लावली तर बरे होईल.

फळीचा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण श्रद्धेची मर्यादाही तेथे लपवलेली नाही. चोखोबा विठ्ठलाचे थोर भक्त, तरी त्यांची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेर आहे. आणि तेच मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावे लागले, म्हणजे मधे सहाशे वर्षे गेली. अभंगांनी मने हलवली, दार मात्र हलले नाही. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला हिंदू धर्म सोडला, पण धर्माची गरज नाकारली नाही. 1948 साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवर लिहिलेला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला होता. औरंगाबादला 1950 साली सुरू केलेल्या महाविद्यालयालाही त्यांनी भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव दिले. फळीच्या एका टोकाला चोखोबा आणि दुसऱ्या टोकाला बाबासाहेब आहेत, हे ध्यानात आल्यावर मी बराच वेळ तेथून हललो नाही.

काकांचा सल्ला हीसुद्धा या दुकानाची मोठी जमेची बाजू आहे. मी असतानाच एका वारकरी आजींना त्यांनी ‘‘आजी, हा घ्या, अक्षर मोठं आहे,’’ म्हणत हरिपाठ दिला आणि लगेच एका विद्यार्थिनीला जनाबाईंच्या दोन आवृत्त्यांतील पाठभेद पाने उघडून दाखवले. दोघींशी बोलताना त्यांच्या आवाजातली आस्था सारखीच होती.

उणिवाही आहेत. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींनी स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यासमार्ग खुला केला, पैठणला त्यांचा वावर होता. तरी ‘लीळाचरित्रा’ची एक संक्षिप्त प्रत सोडल्यास महानुभाव वाङ्मय येथे नाही. लातूर-नांदेड भागात लिंगायत समाज मोठा असूनही बसवेश्वरांच्या वचनांचा मराठी अनुवाद मिळाला नाही. या दोन परंपरांवाचून ही फळी अपुरी आहे. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थ या संन्याशावर, ज्याने याच गावात शिक्षणकार्य केले, केवळ एकच पातळ चरित्र असावे, हेही खेदाचे आहे. आत उजेड कमी आहे, खालच्या कप्प्यातील काही प्रतींना ओल लागलेली आहे आणि मागितल्याशिवाय पावती मिळत नाही.

छापील किमतीवर दहा टक्के सूट मिळते. संच घेतल्यास काका स्वतः जाड कागदात बांधून देतात. मार्गशीर्षातील देवीच्या उत्सवात पुढच्या भागात इतकी गर्दी होते की आतल्या फळीपर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून ते दिवस टाळावेत. दुपारी दुकान बंद असते. सकाळी लवकर गेल्यास पुस्तके चाळायला निवांतपणा आणि काकांशी बोलायला सवड, दोन्ही मिळतात.