दोन लेव्हलचं टर्मिनल: चिन्हं कुठून जोडावीत?

इलेक्ट्रिकल ड्रॉइंगमध्ये टर्मिनलची, म्हणजे वायर जोडायच्या ब्लॉकची, दोन चिन्हं दोन वेगळ्या सर्किटमध्ये बसतात, पॅनेलच्या रेलवर मात्र दोन लेव्हलचा (वर-खाली दोन मजल्यांचा) एकच ब्लॉक लागतो. ही चिन्हं एकाच ब्लॉकची आहेत हे सॉफ्टवेअरला सांगितलं नाही, तर साहित्ययादीत ब्लॉक दुप्पट येतात. अडीच चौरस मिमीच्या वायरसाठीचा ब्लॉक साधारण ५.२ मिमी रुंद असतो. ४० चिन्हांसाठी २० ब्लॉक म्हणजे १०४ मिमी. न जोडता मांडणी केली तर २०८ मिमी. ही चूक लेआउट ठरल्यावर लक्षात आली की खरी पंचाईत.

ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही जोडणी तीन ठिकाणांहून करता येते. 'असोसिएट टर्मिनल्स' कमांड सर्वांत सुटसुटीत आहे: चिन्हं एकामागून एक निवडायची, काम झालं. पण ती उघड्या ड्रॉइंगपुरतीच चालते. पॉवरचं सर्किट एका शीटवर आणि कंट्रोलचं दुसऱ्या शीटवर असेल, तर तिचा उपयोग नाही.

तेव्हा चिन्ह एडिट करायच्या डायलॉगमध्ये जावं. तिथल्या 'अ‍ॅड/मॉडिफाय' बटणामागे प्रोजेक्टमधल्या टर्मिनलच्या पट्ट्या (रेलवर ओळीने बसणारे ब्लॉक) दिसतात आणि दुसऱ्या शीटवरचं चिन्हही जोडता येतं. दोन-चार जोड्यांसाठी हे ठीक आहे, पुढे मात्र कंटाळा येतो.

मोठ्या पट्टीसाठी मी डोळे झाकून टर्मिनल स्ट्रिप एडिटरच निवडेन. शीट कुठलंही असो, पट्टीतली सगळी टर्मिनलं ओळीने समोर येतात. कोणत्या वायर कुठे जातात ते पाहत जोड्या लावायच्या, फसलेली जोडी तिथेच सोडवायची, आणि जंपर (टर्मिनलं आपसात जोडणारे दुवे) व स्पेअर (राखीव टर्मिनलं) हेही त्याच बैठकीत उरकायचे. शिवाय बदल लगेच ड्रॉइंगमध्ये उतरत नाहीत, त्यामुळे मन बदलायला वाव राहतो. नवख्याला हा एडिटर अंगावर येतो खरा, पण जोड्या लावण्यापुरता तो अवघड नाही.

वाट कोणतीही घ्या, आधी ब्लॉकच्या गुणधर्मांत लेव्हल ठरलेल्या हव्यात. जितक्या लेव्हल तितकीच चिन्हं जोडली जातात. दोन लेव्हल असताना तिसरं चिन्ह बसत नाही म्हणून सॉफ्टवेअरला नावं ठेवणारे बरेच भेटतात! कॅटलॉगमधून भाग निवडला आणि तिथे लेव्हलची माहिती भरलेली असली तर ती आपोआप येते. नसेल तर एका टर्मिनलवर हाताने भरून बाकीच्यांवर कॉपी करावी. आतून जंपर असलेला ब्लॉक असेल तर दोन्ही लेव्हल एकाच पोटेन्शियलवर, म्हणजे एकाच व्होल्टेजवर, असतात. अशा ब्लॉकमध्ये २४ व्होल्ट आणि शून्य व्होल्ट शेजारी जोडून बसू नका.

इप्लान या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळायचा विचार असेल तर तिथेही प्रत्येक लेव्हलला वेगळं चिन्ह असतं. फक्त त्यांतलं एक मुख्य टर्मिनल ठरवावं लागतं आणि भाग त्याच्यावरच नोंदवला जातो.